‘पुनःशोध’ कुठे वापरावा?

रीडिस्कव्हरीसाठी ‘पुनःशोध’ लिहिण्याआधी एक प्रश्न विचारा: ही गोष्ट आधी कुणाला तरी माहीत होती का? माहीत असून विसरली किंवा हरवली असेल, तरच हा शब्द शोभतो. मेंडेलने आनुवंशिकतेवरचा निबंध 1866 मध्ये छापला, पण त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. 1900 मध्ये द व्हरीस, कोरेन्स आणि चेर्माक या शास्त्रज्ञांनी तेच नियम पुढे आणले. हा खरा पुनःशोध. नामशेष मानलेला सीलाकँथ मासा 1938 मध्ये दक्षिण आफ्रिकेजवळ जिवंत सापडला, तिथे मात्र साधं ‘पुन्हा सापडला’ हेच जास्त चांगलं वाटतं.

माणूस, गाव किंवा छंद असेल तर ‘नव्याने ओळख झाली’ लिहा. ‘स्वतःचा पुनःशोध’ मला तरी जडच वाटतो. ‘पुनरुज्जीवन’ हा पर्याय नव्हे. त्यात मरगळलेल्या गोष्टीत जीव ओतणं येतं, सापडणं नाही. ‘संशोधन’ तर वेगळंच.

लेखनाचं म्हणाल, तर ‘पुनर्शोध’ सर्रास दिसतो, पण श हे कठोर व्यंजन असल्याने संधिनियमानुसार विसर्ग राहतो: पुनःशोध, पुनःप्रत्यय, मृदू व्यंजनापूर्वी मात्र पुनर्विचार, पुनर्जन्म.