“यंदा किती बदकं पाडली?” : शिकाऱ्यांच्या सर्व्हेत काम करायचं असेल तर

अमेरिकेतल्या माझ्या नव्या कामाचं आजीला फोनवर सांगितलं, तेव्हा ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे शिकाऱ्यांची खानेसुमारी करते का तू? मग पाखरांची कोण करतं?”

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. आमचं गाव निफाड तालुक्यातलं. नांदूर मध्यमेश्वरला सायकलवर टांग टाकून जाता येतं. पाणपक्षी म्हणजे चापडगावच्या मनोऱ्यावरून दुर्बिणीतून बघायची गोष्ट, हेच डोक्यात बसलेलं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार आवळली आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर तो विषयच संपला. भरतपूरला 1938 साली एका दिवसात चार हजारांवर पक्षी मारल्याचा दगडी फलक आहे, तो आपण लाज वाटावी म्हणूनच वाचतो. अमेरिकेत वन्यजीव विषयात एम.एस. करायला गेले आणि पहिल्याच सत्रात मार्गदर्शकांनी समोर शिकाऱ्यांच्या उत्तरांची फाइल टाकली. मला वाटलं, चुकून कुठल्या तरी दुसऱ्याच विभागात आले.

तिथली व्यवस्था थोडक्यात सांगते, कारण ती कळल्याशिवाय हे काम कळत नाही. 1918 च्या कायद्याने स्थलांतरित पक्षी केंद्र सरकारच्या अखत्यारीत आले. शिकारीचे दिवस आणि रोजची मर्यादा दरवर्षी ठरते. मिसिसिपी उड्डाणमार्गातल्या, म्हणजे पक्ष्यांच्या स्थलांतराच्या त्या पट्ट्यातल्या, राज्यांत साधारणपणे दिवसाला सहा बदकं, त्यात मॅलार्ड (नराचं डोकं हिरवं असतं ते बदक) चारच आणि त्या चारांत माद्या दोनच. हे आकडे ठरवायला एका बाजूला मे महिन्यात विमानातून केलेली विणीच्या प्रदेशातली गणना लागते. ती 1955 पासून चालू आहे. दुसऱ्या बाजूला, मारले किती गेले ते लागतं. पाखरं मोजणारे वेगळे आहेत, आजी. आम्ही मेलेली मोजतो, तीही मारणाऱ्याला विचारून.

आता माझी पहिली घोडचूक. शिकारीचा परवाना घेताना दुकानातला माणूस गिऱ्हाइकाला विचारतो : गेल्या हंगामात बदकं किती? एकही नाही, एक ते दहा, की दहाच्या वर? होले किती? एकही नाही, एक ते तीस, तीसच्या वर? असंच हंसांचं, असंच वुडकॉक नावाच्या पक्ष्याचं. ही माहिती राज्याकडून केंद्राकडे जाते. मी ती फाइल उघडली, प्रत्येक गटाचा मधला आकडा धरला, बेरीज केली आणि तासाभरात राज्यातली एकूण शिकार काढून मोकळी झाले. तक्ता रंगीत होता. मार्गदर्शकांनी तो बघितला आणि एवढंच विचारलं, “तू कधी परवाना घेताना बघितलंयस कुणाला?”

त्या शनिवारी एका हार्डवेअरच्या दुकानात जाऊन उभी राहिले. गळ, गांडुळं, काडतुसं, कुत्र्याचं खाणं आणि कोपऱ्यात परवान्यांचं यंत्र. रांगेत आठ-दहा जण. काउंटरवरच्या पोराने समोरच्याकडे न बघताच विचारलं, “बदकं, होले, काही नाही ना?” समोरच्याने पाकीट काढता काढता “हं” केलं. पोराने सगळीकडे शून्याची खूण केली. त्या माणसाच्या टोपीवर बदकाचं चित्र होतं आणि बाहेर त्याच्या गाडीत खऱ्या बदकांना भुलवायला पाण्यावर सोडतात त्या नकली बदकांची पोती भरलेली होती.

इथे कुणी बदमाशी करत नव्हतं, रांग हलवत होतं इतकंच. पण त्या खुणांचं खरं काम काय, हे मला तिथेच उमगलं. ते प्रश्न शिकार मोजायला नसतातच. कुणाला सविस्तर प्रश्नावली पाठवायची ते ठरवायला असतात. भरपूर मारणारे, थोडे मारणारे, न मारणारे असे गट पाडायचे आणि भरपूर मारणाऱ्यांतून जास्त जणांची निवड करायची. खूणच चुकली की आख्खा नमुना कलतो. भरपूर मारणारा माणूस शून्याच्या गटात जाऊन बसतो आणि तिथून तो एकटा निवडला गेला तर त्याच्या सगळ्या बदकांना शेकडो जणांचं वजन मिळतं.

शेतकऱ्याच्या घरातल्यांना हे लगेच समजेल. काउंटरवरची खूण म्हणजे नजरअंदाजाची आणेवारी. नंतरचा सर्व्हे म्हणजे पीक कापणी प्रयोग. कुठल्या गावात, कुठल्या गटात, कुठल्या प्लॉटवर कापायचं ते आधीच ठरलेलं, मग पीक दिसायला कसं का असेना. पिकाचा उतारा असा नमुन्याने काढायची शास्त्रशुद्ध रीत भारतात रुजवणाऱ्यांत पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. नमुना निवडीचं गणित मी त्यांच्या मांडणीतून शिकले होते, ते इकडे बदकांवर कामाला आलं. तुमचं संख्याशास्त्र पक्कं असेल तर पक्षी ओळखता येत नाहीत म्हणून मागे राहू नका. पक्षी दोन हंगामांत शिकता येतात. उलटं जड जातं, हे मी दोन्हीकडची मुलं बघून सांगते.

परवाना घेताना असं विचारायची पद्धत नव्वदच्या दशकात आली आणि 1998 पर्यंत हवाई सोडून सगळ्या राज्यांत लागू झाली. त्याआधी 1934 पासूनचं बदक-तिकीट होतं. पाणपक्ष्यांची शिकार करायची तर ते घ्यावंच लागतं आणि 1952 पासून त्याच खरेदीदारांतून नमुना काढून टपालाने प्रश्नावल्या जात. पण होले मारणाऱ्याला ते तिकीट लागतच नाही. म्हणजे ज्या पक्ष्याची तिथे सगळ्यात जास्त शिकार होते, त्याचेच शिकारी यादीबाहेर. कुठल्याही सर्व्हेत काम कराल तेव्हा पहिल्या दिवशी हाच प्रश्न विचारा : यादी कुठून आली, आणि यादीत नाही कोण?

दुसरा धडा आठवणीचा. हंगाम संपल्यावर विचारलं की माणूस जास्त सांगतो. थोडं विसरल्यामुळे, थोडं मोठेपणापायी. उत्तरांचा आलेख काढलात तर पाच, दहा, वीस, पन्नास यांच्यावर उंच खांब उभे दिसतील. सतरा बदकं मारणारा जणू कुणी जन्मलेलाच नाही. म्हणून निवडलेल्यांना हंगाम सुरू होतानाच गाठायचं आणि प्रत्येक दिवसाची नोंद त्या त्या दिवशी करायला सांगायची : तारीख, जिल्हा, किती मारली, किती जखमी होऊन हाती लागली नाहीत. ही शेवटची संख्या विचारताना सूर सांभाळावा लागतो. मी उत्तर न देणाऱ्यांना फोन करायचे. एका आजोबांनी आधी माझा उच्चार कुठला ते विचारलं, मग माझ्या गावाकडे बदकं येतात का ते विचारलं. “येतात, पण आम्ही नुसती बघतो,” म्हटल्यावर पोट धरून हसले. “अगं, म्हणजे मी या वर्षी तेच केलं! चौदा दिवस गेलो आणि दोन मिळाली.” ते दोन मला हवेच होते. कमी मिळालेला माणूस ‘माझं काय लिहायचं’ म्हणून उत्तरच देत नाही, आणि सरासरी फुगते.

आता पंख. या कामातला हा भाग मला मनापासून आवडतो.

काही शिकाऱ्यांना पोस्टेज भरलेली मोठी पाकिटं पाठवतात. प्रत्येक बदकाचा एक पंख कापून, तारीख, राज्य आणि जिल्हा लिहून टपालात टाकायचा. हंसाचं असेल तर शेपटीची पिसं आणि पंखाची टोकं. हिवाळा सरता सरता जीवशास्त्रज्ञ आणि विद्यार्थी एका शेडमध्ये जमतात. लांबच लांब टेबलांवर गोठवलेले पंख सुटे करून मांडतात आणि प्रत्येकाची जात, लिंग आणि वय ठरवतात. नवख्याने ठरवलेलं जुना तपासनीस पुन्हा बघतो.

पहिल्या दिवशी मला मॅलार्ड दिले. निळ्याजांभळ्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना पांढरी रेघ. वरची रेघ नसली की ‘काळं बदक’ ही दुसरी जात असण्याची शक्यता. मग वय. अंगाजवळची लांब पिसं आणि त्यांच्यावरची झाकणपिसं बघायची. प्रौढाची रुंद, गोलसर, ताजी. त्याच वर्षी जन्मलेल्याची अरुंद, कडेला झिजलेली, शाळेच्या शेवटच्या महिन्यातल्या वहीसारखी. सुरुवातीला मला सगळीच झिजलेली दिसायची. तिसऱ्या दिवशी एक पाकीट उघडलं तर आत फिकट निळसर खांदा आणि खाली हिरवा पट्टा. थापट्या, पसरट चोचीचं बदक! नांदूर मध्यमेश्वरला शेकड्याने बघितलेला, पण पंख असा हातात कधीच घेतला नव्हता. जरा गलबललं, खोटं कशाला सांगू. शेजारच्या तपासनीसाला थापट्याचं काहीच कौतुक नव्हतं. तिकडच्या शिकाऱ्यांच्या लेखी ते खायला हलक्या प्रतीचं बदक.

वय कशासाठी? एका प्रौढामागे पिल्लं किती यावरून त्या वर्षीची वीण कशी झाली ते कळतं. मात्र पिल्लं अननुभवी असल्याने जास्त मारली जातात. समजा पंखांत प्रौढ आणि पिल्लं सारखीच आली, तरी आभाळात ती सारखी नसतात. पिल्लं किती जास्त सापडतात हे पायात कड्या घातलेल्या पक्ष्यांवरून काढतात आणि तेवढं प्रमाण कमी करतात. हे गणित आधी नीट समजून घ्या. मुलाखतीत यावर प्रश्न येतोच.

जायचं कसं, ते पटकन सांगते. केंद्राच्या नोकऱ्या बहुतेक अमेरिकन नागरिकांसाठीच असतात, त्यांच्यामागे वेळ घालवू नका. आपल्याला दार आहे ते विद्यापीठातून : राज्याच्या वन्यजीव विभागाच्या पैशावर चालणाऱ्या प्रकल्पातली सहायकाची जागा. अशा प्राध्यापकांना प्रवेश-अर्जाच्या आधी लिहावं लागतं, कारण इथे बऱ्याचदा आधी मार्गदर्शक मिळतो आणि मग प्रवेश. पत्रात ‘लहानपणापासून पक्ष्यांची आवड’ हे वाक्य टाळा. आर या संगणकभाषेत स्तरित (गट पाडून काढलेल्या) नमुन्याचं एखादं छोटं विश्लेषण करून जोडा. हिवाळी पाणपक्षी गणनेत भाग घेतला असेल तर तो अनुभव तिथे धरला जातो. शिकार तुम्हाला पटते का, असंही कुणी तरी विचारेल. मी “नाही, पण मोजणी पटते” असं सांगितलं होतं. जागा मिळाली.

आणि पंखांच्या कामाला जाताना जुना स्वेटर न्या. सूचना स्पष्ट असते की प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, तरी दर वर्षी कुणी तरी गुंडाळतोच, आत पंख कुजतो आणि ते पाकीट नेमकं नवख्याच्या वाट्याला येतं. माझा स्वेटर तीनदा धुतला. शेवटी रूममेटने न विचारता कचऱ्यात टाकला, आणि मी तिला काही बोलले नाही.