माठातलं पाणी गार होत नाही?
माठ गॅसच्या ओट्याशेजारी, कोपऱ्यात कोंबला असेल तर तो बिचारा काय करणार! अंगातून पाझरलेलं पाणी वाऱ्याने उडतं, तेव्हाच आतलं गार होतं. म्हणून माठ खिडकीशी, पण सावलीत, तिवईवर ठेवा आणि अंगाला ओलं फडकं गुंडाळा. विदर्भातल्या मे महिन्यात ते दुपारपर्यंत खडखडीत वाळतं, पुन्हा भिजवायचं. नवा माठ रात्रभर भरून ठेवा, ते पाणी कुंड्यांना घाला. आतून साबण अजिबात नको, मातीच्या छिद्रांत बसतो आणि पाण्याला वास मारतो. नारळाच्या शेंडीने नुसतं घासलं की पुरे. ऑइलपेंटने रंगवलेला चकचकीत माठ मात्र घेऊ नका. दिसतो छान, पण पाझरत नाही.