वेगाने शिकणाऱ्या मुलांसाठी भाषेचा अवघड पाठ कसा तयार करावा

धड्याचा स्वाध्याय दहा मिनिटांत संपवणाऱ्या मुलीला आणखी दोन स्वाध्याय दिले, तर ती पुढच्या वेळी मुद्दाम हळू लिहील. अशा मुलांना जास्त काम नको असते. त्यांना विचार करायला लावणारा प्रश्न हवा असतो.

आधी घटकातले सर्वांत अवघड पाच प्रश्न निवडून ते शिकवण्यापूर्वीच सोडवायला द्या. चार बरोबर आले, तर त्या घटकाच्या सरावातून मुलाला सूट. समास, अलंकार, आकलन, लेखन यांची चाचणी मात्र वेगवेगळी घ्या. झपाझप वाचणाऱ्या मुलाला परिच्छेद बांधता येतोच असे नाही, आणि सरसकट सूट दिली की नेमकी हीच उणीव झाकली जाते.

मग उतारा निवडा. ३०० ते ५०० शब्द किंवा एखादी छोटी कविता पुरते. कसोटी एकच: त्यातून दोन वेगळे अर्थ काढून दोन्हींसाठी ओळी दाखवणे तुम्हाला स्वतःला जमले पाहिजे. नाही जमले, तर त्यावर चर्चा रंगणार नाही. मोठ्यांची पुस्तके देण्याची घाई करू नका. वाचनाची पातळी पुढे असली, तरी भावनिक वय तेवढेच असते.

खरी मेहनत प्रश्नावर घ्या. ‘कवितेत कोणत्या ऋतूचे वर्णन आहे?’ याचे उत्तर एका शब्दात संपते. त्याऐवजी विचारा: ‘कवीने ऋतूचे नाव एकदाही घेतलेले नाही. ते तिसऱ्या कडव्यात घातले तर काय बिघडेल?’ कथा असेल, तर तीच घटना खलपात्राच्या तोंडून प्रथमपुरुषात लिहायला सांगा आणि त्याला ठाऊक असणे शक्यच नाही अशी मूळ वाक्ये अधोरेखित करून घ्या. किंवा १२० शब्दांचे वर्णन एकही विशेषण न वापरता. हे बंधन फार उपयोगी आहे, कारण मुलांची पाठ झालेली सजावट गळून पडते आणि क्रियापदे नेमकी निवडावी लागतात. विचारकौशल्यांना सोप्याकडून अवघडाकडे पायऱ्यांत लावणाऱ्या ब्लूमच्या वर्गीकरणाच्या २००१ च्या सुधारित मांडणीत ‘निर्मिती’ सर्वांत वर आहे, म्हणून पोस्टर करायला लावले की पाठ अवघड होतो, हा मात्र गैरसमज आहे.

चर्चेला सहा ते आठ मुले आणि २५ मिनिटे ठेवा. शिक्षकाने स्वतःचे उत्तर सांगू नये. प्रत्येक विधानावर ‘कोणत्या ओळीवरून?’ एवढेच विचारावे आणि नंतरची शांतता सोसावी. लगेच दुसऱ्या मुलाकडे वळलात, तर फक्त चटकन बोलणारेच बोलतात.

पहिल्या खर्ड्याला गुण देऊ नका. नेहमी पैकीच्या पैकी मिळवणारी मुले चुकण्याला घाबरतात आणि सोपा पर्याय धरतात. खर्ड्यावर एकच प्रश्न लिहून तो परत करा. दुसऱ्या खर्ड्यात पुरावा, विरुद्ध अर्थाचा विचार आणि शब्दांची अचूकता तपासा.

सूट मिळालेल्या मुलाला इतरांना शिकवायला बसवणे किंवा कोपऱ्यात एकटे सोडणे, दोन्ही टाळा. आठवड्यातून निदान दहा मिनिटे त्याच्या कामावर त्याच्याशी बोला. पहिल्याच खर्ड्यात सगळ्यांना सगळे जमले, तर प्रश्न सोपा होता असे समजा आणि पुढच्या पाठात एक बंधन वाढवा.