बाळंतविडा घेताना काय बघायचं

बारशाचं आमंत्रण आलं की आपण तुळशीबागेत नाहीतर दादरला जातो, समोर गुलाबी-निळा पॅक केलेला सेट दिसतो, फ्रिल, नेट, मोती, आणि घेऊन टाकतो. मग तो सेट फोटोपुरता एकदा घातला जातो आणि कपाटात पडतो. मला मनापासून वाटतं की देखणं आणि रोज वापरात येणारं एकत्र मिळतं, फक्त हात लावून बघावं लागतं.

कपड्यापासून सुरुवात करा. झबलं आधी उलटं करायचं आणि आतली शिवण आपल्या गालावर फिरवायची, टोचली तर ठेवून द्यायचं, कारण बाळाची कातडी आपल्यापेक्षा कितीतरी नाजूक असते. पहिले दोन-तीन महिने पुढून बांधायचं झबलं सगळ्यात सोयीचं, डोक्यातून काही ओढावं लागत नाही. नंतर मात्र खांद्यावर दुमडलेला गळा असलेले वनझी, म्हणजे मांड्यांमध्ये बटणं लागणारे एकसंध कपडे, घ्या, त्या दुमडीचा फायदा बऱ्याच जणांना माहीतच नसतो, शी पाठीपर्यंत गेली की कपडा वरून डोक्यातून न काढता खांद्यावरून खाली ओढून पायातून काढता येतो.

साइझ घेताना महिने मोजा. जूनमध्ये जन्मलेलं बाळ डिसेंबरात सहा महिन्यांचं होणार, म्हणजे त्याला 6-12 महिन्यांचे पूर्ण बाह्यांचे कपडे लागणार, आणि आत्ता पावसाळ्यात लागणार पातळ मलमलचे लंगोट आणि दुपटी, जे पंख्याखाली वाळतात. जाड टॉवेलसारखं कापड दिसायला गुबगुबीत असतं पण जुलैत दोन-दोन दिवस ओलंच राहतं आणि वास मारतो.

खणाचं परकर-पोलकं किंवा जरीची कुंची द्यायची हौस असेल तर जरूर द्या, फार गोड दिसतं! फक्त आतून मऊ सुती अस्तर हवं आणि जरीचा काठ गळ्याला घासायला नको. कुंचीचे बंद कार्यक्रम झाला की सोडायचे, बांधलेल्या कुंचीत बाळाला झोपवू नका.

मोज्यांबद्दल जरा जास्त सांगते. माझी लेक दीड महिन्याची असताना एका संध्याकाळी काही केल्या रडायची थांबेना, दूध झालं, ढेकर झाला, शेवटी मोजा काढला तर आतला सुटलेला दोरा पायाच्या करंगळीला गुंडाळला होता आणि करंगळी लालबुंद झालेली. तेव्हापासून मी मोजे आणि हातमोजे उलटे करून सुटे दोरे कापल्याशिवाय कुणाला देत नाही. तुम्हीही कापा. मनगट्यांचे मणी आणि वाळ्यांचे घुंगरू पण जोरात ओढून बघा, निघाले तर थेट तोंडात जातात.

खेळण्यावर आयएसआय मार्क बघायचाच, 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे तो सक्तीचा आहे. तीन वर्षांखालच्या मुलासाठी टिश्यू रोलच्या नळीतून जाईल इतकी बारीक वस्तू नको, आणि बटन सेल असेल तर त्याचं झाकण स्क्रूचंच हवं, तो सेल गिळला गेला तर अन्ननलिका आतून भाजते. सावंतवाडीची लाकडी खेळणी दिसायला सुंदर असतात, पण घेताना कडा आणि रंग बघून घ्या.

उशी, जाड गोधडी, मोठा टेडी देऊ नका. वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपायच्या जागेत मऊ काही नको असं डॉक्टर सांगतात. आजीला मोहरीची उशी हवीच असते, तिला प्रेमानं समजवा. वॉकरही नको, पोर दोन सेकंदात जिन्यापाशी पोचतं. कॅनडात तर 2004 पासून त्याच्यावर बंदीच आहे.

घरी आणलं की गिफ्ट पॅक करू नका लगेच. आधी बाळाच्या आईला फोन करून विचारा, "लंगोट किती झालेत?" बहुतेक वेळा फ्रॉक पंधरा झालेले असतात आणि लंगोट कमी पडत असतात. बिल पिशवीतच राहू द्या म्हणजे तिला साइझ बदलता येईल.