माथेरानच्या इंजिनाचे दोन दिवे

नेरळ-माथेरान रेल्वेचे रूळ दोन फुटी, म्हणजे 610 मिलीमीटरचे. 1:19 मापात ते 32 मिलीमीटरच्या मॉडेल रुळावर चपखल बसतात. माझं डिझेल इंजिन याच मापाचं. गच्चीवर रिमोटने चालतं, रुळांत वीज नाही, पोटात 7.4 व्होल्टची लिथियम बॅटरी. जाईल त्या दिशेचा दिवा पेटावा एवढीच हौस होती. टीव्ही दुरुस्तीत हयात गेली, तरी पहिल्यांदा फसलोच.

इंजिन उलटं निघालं की मोटरच्या दोन वायरींतलं प्लस-मायनस बदलतं. म्हणून मी त्याच वायरींवर दोन एलईडी एकमेकांना उलटे जोडले आणि दोघांत मिळून 1 केचा (1,000 ओहमचा) एक रेझिस्टन्स टाकला. पुढे जाताना एक पेटतो, मागे येताना दुसरा. जोडणीत खोट नाही. साधा एलईडी उलटा दाब पाचेक व्होल्टच सोसतो, पण पेटलेला जोडीदार तो दाब तीन व्होल्टच्या आसपास धरून ठेवतो. एकटा एलईडी लावायचा असेल, तर त्याला उलटा जोडून 1एन4148 डायोड टाका.

गाडी पाण्याच्या टाकीपाशी, म्हणजे आमच्या 'अमन लॉज' स्टेशनला थांबली आणि दिवा गेला. भाची म्हणाली, "मामा, स्टेशन आलं की ड्रायव्हर लाइट बंद करतो?" मोटरची वीज थांबली की दिवाही थांबणार. हळू चालवलं तर मिणमिणणार. आणि माथेरानच्या गाडीची सगळी मजा हळू चालण्यात!

तेव्हा दिवे मोटरवर नकोतच. रिमोटचा इशारा झेलणारा इंजिनातला रिसीव्हर घेतानाच पुढच्या-मागच्या दिव्यांसाठी वेगळे आउटपुट आहेत का आणि गाडी थांबल्यावर ते चालू राहतात का, हे बघून घ्या. माझ्या रिसीव्हरचे आउटपुट 3.3 व्होल्टचे आहेत. पांढरा एलईडीच 3.1 व्होल्ट खातो, मग रेझिस्टन्सला उरतं काय? म्हणून दिव्याला वीज थेट बॅटरीची दिली आणि ती रिसीव्हरच्या इशाऱ्यावर चालू-बंद करायला प्रत्येक दिव्याला एक बीसी547 ट्रान्झिस्टर लावला.

बॅटरी काढून ठेवा, मगच सोल्डरिंगला बसा. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. एमिटर बॅटरीच्या मायनसला; रिसीव्हरचं मायनसही तेच हवं. रिसीव्हरचा आउटपुट 10 केच्या रेझिस्टन्समधून बेसला (तपकिरी, काळा, नारिंगी). बॅटरीच्या प्लसवरून 1 के (तपकिरी, काळा, लाल), तिथून एलईडीचा लांब पाय, आणि आखूड पाय कलेक्टरला. दुसऱ्या दिव्याला हेच सगळं पुन्हा.

1 केच का, तर भरलेली बॅटरी 8.4 व्होल्ट दाखवते. त्यातून 3.1 गेले, 5.3 उरले, म्हणजे जेमतेम 5 मिलिअँपिअर. त्याहून जास्त दिलंत तर हेडलाइट न वाटता मोबाइलचा टॉर्च वाटतो. एलईडी पिवळसर पांढरा घ्या. निळसर पांढऱ्याने जुन्या इंजिनाची रया जाते.

एलईडी बसवण्याआधी 3 व्होल्टच्या बटण सेलवर टेकवून बघा; उलटसुलट पाय तिथेच कळतात. सोल्डर दोन-तीन सेकंदांत उरका, रेंगाळलात तर एलईडी गेला. माझी बॉडी पितळेची, त्यामुळे प्रत्येक जोडावर इन्सुलेशनची स्लीव्ह चढवलीच पाहिजे. बॉडी आणि चासीच्या मधल्या वायरींत काढता-घालता येणारी छोटी पिन टाका, नाहीतर झाकण उचलताना वायरी तुटतात. बॉडी प्लॅस्टिकची असेल तर दिव्यामागे आतून काळा रंग द्या, नाहीतर इंजिनाचं नाकच कंदिलासारखं उजळतं.

मागच्या टोकाला लाल एलईडी लावायचा मोह मला झाला होता. पण डबे जोडलेले असले की लाल दिवा शेवटच्या डब्याला असतो. म्हणून दोन्हीकडे हेडलाइटच ठेवले.

आता गाडी टाकीपाशी उभी राहिली तरी दिवा चालू असतो. त्यामुळेच नवी खोड लागली: गाडी बंद आहे की चालू, ते विसरायला होतं. एकदा चार दिवस तशीच राहिली आणि बॅटरी कायमची गेली. तेव्हापासून गच्ची उतरण्याआधी बॅटरीची पिन काढून खिशात टाकतो.