पकडून आणलेली घोणस खात नाही? या चुका टाळा

आधी एक सांगून टाकतो. वन विभागाच्या परवानगीशिवाय विषारी साप ठेवणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. ‘दोन दिवस बरणीत ठेवला, मग सोडणारच होतो’ ही सबब तिथे चालत नाही. म्हणून पुढचं सगळं सर्पोद्यानात किंवा बचाव केंद्रात काम करणाऱ्यांसाठी.

हमखास येणारी तक्रार: “आठ दिवस झाले, घोणस उंदराला तोंड लावत नाही.” कशी लावेल? काचेची पेटी, चहूबाजूंनी उजेड, आणि दर तासाला कुणीतरी डोकावतंय. रानातून आलेला साप भुकेपेक्षा भीतीनं खंगतो. चेन्नईजवळच्या वडनेमेलीला इरुळा या आदिवासी जमातीतल्या सर्पपकड्यांची सहकारी संस्था 1978 पासून आहे. तिथे साप मातीच्या मडक्यात ठेवतात, तोंडाला कापड बांधून. काही आठवडे विष काढतात आणि पुन्हा रानात सोडतात. मडक्यात अंधार असतो, गारवा असतो आणि अंगाला सगळीकडून टेकण मिळतं. आपण मात्र पेटीत शोभेचे दगड मांडत बसतो! पेटीच हवी असेल तर वेटोळं जेमतेम मावेल अशी लपायची जागा द्या, काचेवर कागद लावा आणि आठवडाभर विसरून जा. पाणी तेवढं रोज बदला.

घास कोंबू नका. धडधाकट मोठी घोणस कित्येक आठवडे उपाशी राहू शकते; पण चिमट्यानं तोंड सोललं की आत पू धरतो आणि मग ती खरंच खात नाही. खाल्लं, तर दोन-तीन दिवस हात लावू नका, नाहीतर सगळं ओकून टाकेल. दुधाबद्दल काय बोलायचं? सापाचं ते अन्नच नाही.

फुरशाची गोष्ट वेगळी. कोकणातल्या कोरड्या कातळावरचं फुरसं ओल्या भुश्यावर ठेवलं की पोटाखाली फोड येतात. भुसा काढा, कोरडा कागद घाला. मण्यार कुणाबरोबरच ठेवू नका, तिचं खाणंच मुळी साप.

आता प्रजनन. ‘आमच्याकडे घोणशीनं पिल्लं दिली’ असं कौतुकानं सांगतात, तेव्हा बहुतेक वेळा ती गाभणच आलेली असते. त्यात आपलं कर्तृत्व शून्य. नागिणीनं अंडी घातली तर वरच्या बाजूला पेन्सिलनं खूण करा आणि उचलताना ती बाजू वरच ठेवा. अंडं उलटलं तर आतला जीव दगावू शकतो. घोणस मात्र थेट पिल्लंच देते, बहुतेक मे ते जुलैत, एका वेळी 20 ते 40, कधी त्याहून जास्त. मोठ्या सापासाठी बसवलेल्या जाळीतून ती सहज निसटतात, आणि जन्मल्याक्षणापासून विषारी असतात. म्हणून एप्रिलमध्येच बारीक जाळी बसवा. पिल्लं हलवताना मोजा, झाकण लावल्यावर पुन्हा मोजा.