सेजच्या पानांचा वास जातो कुठं? या चुका टाळा

कोल्हापुरात गच्चीवर सेज, म्हणजे स्वयंपाकात आणि काढ्यात वापरायची सुगंधी पानांची वनस्पती, लावणारे आता बरेच दिसायला लागलेत आणि जुलै आला की सगळ्यांची तक्रार एकच, पानं हिरवीगार आहेत पण वासच येत नाही. झाडाला शिव्या देण्याआधी हा वास झाडात असतो कुठं ते बघूया, कारण निम्म्या चुका तिथंच होतात.

पहिली चूक नर्सरीतच होते. सेजच्या कुळाचं शास्त्रीय नाव साल्व्हिया, पण नुसतं "साल्व्हिया द्या" म्हटलं की लाल फुलांचं बागेतलं झाड हातात देतात, ते साल्व्हिया स्प्लेंडेन्स, फुलं झकास पण किचनमध्ये उपयोग शून्य. आपल्याला हवं ते साल्व्हिया ऑफिसिनॅलिस, करडं-हिरवं, लव असलेलं पान, बोटानं चोळून वास घ्या आणि मगच पैसे द्या. (चियासुद्धा साल्व्हियाच बरं का, आणि 2017 पासून रोझमेरीलाही शास्त्रज्ञांनी याच घरात घेतलंय. सब्जा मात्र तुळशीकडचा.)

आता पाऊस. सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक ग्रंथींमध्ये साठतं आणि त्यासाठी लागणारा कार्बन येतो प्रकाशसंश्लेषणातून, आता आपल्याकडं आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही, त्यात वरून युरियाचा मारा, मग पान नुसतं फुगतं, मऊ पडतं आणि काळ्या मातीत पाणी तुंबून मुळंही कुजतात. मूळचं भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, खडकाळ जमिनीवरचं झाड हे, त्याला आपला पाऊस कसा झेपणार! कुंडीत भरपूर वाळू घाला, पावसाळ्यात पत्र्याखाली पण उजेडात ठेवा, वरची माती सुकल्याशिवाय पाणी नको.

वाळवताना लोक पानं सरळ उन्हात टाकतात, नाहीतर ओव्हनमध्ये. तेल उडून जाणारच की! सावलीत, पंख्याखाली, पातळ पसरून वाळवा, पान कडक झालं की अख्खंच बरणीत भरा आणि वापरायच्या वेळी चुरा. आधीच चुरून ठेवलं तर ग्रंथी फुटतात आणि वास बरणीतच संपतो.

काढा करताना आपली सवय म्हणजे चहासारखं खळाखळा उकळायचं. सिनिओल, कापूर, थुजोन ही सुगंधी तेलातली उडणारी मंडळी वाफेबरोबर निघून जातात, पानातलंच न उडणारं रोझमॅरिनिक ॲसिड पाण्यात राहतं, म्हणून गरम पाणी ओतून झाकण ठेवा. पानातल्याच कार्नोसिक ॲसिड या दुसऱ्या घटकाची गोष्ट उलटी, ते पाण्यात फारसं उतरतच नाही, ते हवं असेल तर पान तुपात किंवा तेलात परता.

सगळ्यात घातक चूक म्हणजे सेज ऑइलचे थेंब पोटात घेणं. साध्या सेजच्या, म्हणजे डाल्मेशियन तेलाच्या आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकात एकटं अल्फा-थुजोनच 18 ते 43 टक्के धरलंय आणि थुजोन मेंदूला शांत ठेवणाऱ्या गाबा रिसेप्टरला अडवतं, जास्त झालं तर फिट येऊ शकते. गरोदर बायकांनी आणि फिट्सचा त्रास असणाऱ्यांनी तर लांबच राहावं. बाटलीवर नुसतं सेज लिहिलंय म्हणून भागत नाही, क्लेरी सेजचं तेल वेगळं, त्यात मुख्य लिनॅलिल ॲसिटेट आणि लिनॅलूल असतं.

बॉटनी-केमिस्ट्रीच्या पोरांसाठी जरा जास्त लिहितो, कारण प्रोजेक्टमध्ये इथंच मार्क जातात. सगळे टर्पिन (सिनिओल, थुजोन ज्या गटात येतात ती संयुगं) पेशीतल्या मेव्हॅलोनेट नावाच्या रासायनिक मार्गानं बनतात असं बिनधास्त ठोकून देतात. तसं नाही. सिनिओल, कापूर, थुजोन यांचा कच्चा माल प्लास्टिडमधल्या (हरितलवक ज्यातलं एक, त्या पेशीतल्या कप्प्यांमधल्या) एमईपी नावाच्या दुसऱ्या मार्गानं, पायरुव्हेट आणि ग्लिसराल्डिहाइड-3-फॉस्फेटपासून तयार होतो, मेव्हॅलोनेट मार्ग बाहेर सायटोसोलमध्ये, म्हणजे पेशीतल्या द्रवात असतो. मग 10 कार्बनचं जीपीपी (जेरॅनिल डायफॉस्फेट), तिथून तीन वाटा फुटतात: एका एन्झाइमनं सिनिओल, दुसऱ्यानं सॅबिनीन आणि पुढं थुजोन, तिसऱ्यानं बॉर्निल डायफॉस्फेट, त्यातून बॉर्निओल आणि शेवटी कापूर. म्हणजे सिनिओलपासून कापूर असा बाण काढला की गेलंच. या तिन्ही एन्झाइमची जनुकं सेजमधूनच 1998 मध्ये रॉडनी क्रोटो यांच्या गटानं वेगळी करून दाखवली. कार्नोसिक ॲसिड 20 कार्बनच्या जीजीपीपीपासून (जेरॅनिलजेरॅनिल डायफॉस्फेट), मिल्टिराडाइन या मधल्या संयुगामार्गे. आणि रोझमॅरिनिक ॲसिड तर टर्पिन नाहीच, ते फेनिलॲलॅनिन आणि टायरोसिन या अमिनो ॲसिडपासून बनतं.

म्हणून जीसी, म्हणजे उडणारे घटक मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफीच्या रिपोर्टमध्ये रोझमॅरिनिक ॲसिड दिसलं नाही तर सॅम्पल खराब म्हणून फेकू नका, ते उडतच नाही, त्याला एचपीएलसी, म्हणजे द्रवातून घटक वेगळे करून मोजायची पद्धत लागते. आणि दोघांच्या तेलाचे आकडे जुळत नसतील तर भांडण्याआधी पानं कोवळी होती का जून आणि कुठल्या महिन्यात तोडली ते विचारा, कारण थुजोन आणि कापराचं प्रमाण त्यानुसार बदलतं.